आठव्या प्रकारचे पाणी : जालना जिल्ह्यातील भूजल आणि आपला क्वाथ

क्वाथ सिद्ध करताना आपण द्रव्याची परीक्षा करतो. गुळवेल ओली आहे की वाळलेली, हरीतकी किडकी तर नाही ना, दशमुळांत भेसळ नाही ना, हे पाहिल्याखेरीज कोणताही जाणता वैद्य पात्र चुलीवर चढवीत नाही. परंतु त्या पात्रात द्रव्याच्या सोळा पट जे पाणी आपण ओततो, त्याची परीक्षा किती जण करतात? औषधनिर्मितीतील परिमाणाने सर्वांत मोठे द्रव्य जल हेच आहे आणि नेमके तेच आपण नळाची तोटी किंवा बोअरची मोटार सुरू करून विनापरीक्षा स्वीकारतो.

जालना जिल्ह्यातील बहुतेक रसशाळांत क्वाथपात्राच्या तळाशी पांढरा, खडबडीत थर साचलेला असतो. सेवक तो आठवड्याला खरवडून काढतात आणि काम पुढे चालू राहते. हा थर म्हणजे आपल्या पायाखालच्या खडकाने लिहिलेले पत्रच होय. ते वाचण्याचे साधन गेल्या काही दशकांतील भूविज्ञान व भूजलविज्ञान यांनी आपल्या हाती दिले आहे. त्या संशोधनाचा वैद्य आणि औषधनिर्माते यांच्या नित्य व्यवहाराशी असलेला संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रातील सात जले

चरकाचार्यांनी विमानस्थानातील जनपदोध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश आणि काल या चार भावांची विकृती सर्व समाजास एकाच वेळी रोगग्रस्त करते, असे प्रतिपादन केले आहे. प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असलेल्या व्यक्तींना एकच व्याधी का व्हावा, या अग्निवेशाच्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. हे चारही भाव उत्तरोत्तर टाळण्यास कठीण मानले आहेत. म्हणजे वायूपेक्षा जल आणि जलापेक्षा देश अधिक दुष्परिहार्य. भूजलाच्या बाबतीत जल आणि देश हे दोन्ही भाव एकत्र येतात, कारण भूमीत मुरलेले पाणी त्या भूमीचेच गुण घेऊन वर येते.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील द्रवद्रव्यविधी अध्यायात आंतरिक्ष आणि भौम असे जलाचे दोन मुख्य भेद सांगून भौम जलाचे कौप, नादेय, सारस, ताडाग, प्रास्रवण, औद्भिद आणि चौण्ट्य असे सात प्रकार वर्णिले आहेत. त्यातील कौप, म्हणजे विहिरीचे पाणी सक्षार आणि पित्तकर असते, हेही तेथे नमूद आहे. त्याच अध्यायात जलाचे स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक असे सहा दोष सांगितले आहेत. यांपैकी पहिले चार इंद्रियांना कळतात. शेवटचे दोन मात्र पाणी प्यायल्यानंतर, शरीरावर झालेल्या परिणामावरूनच कळतात.

या यादीत आपल्या आजच्या मुख्य स्रोताला स्थान नाही. तीनशे-चारशे फूट खोल गेलेल्या, सहा इंच व्यासाच्या छिद्रातून यंत्राने उपसलेले पाणी प्राचीन आचार्यांनी पाहिलेलेच नव्हते. त्यास कौप म्हणावे, तर विहिरीचे पाणी उथळ, सूर्यप्रकाश व वारा लागणारे आणि दर पावसाळ्यात नवे होणारे असते. औद्भिद म्हणावे, तर ते स्वतः भूमी भेदून वर आलेले नाही. सोयीसाठी यास आठव्या प्रकारचे पाणी म्हणू. त्याचे गुणदोष ग्रंथात नसल्यामुळे ते आपणच प्रयोगशाळेच्या साह्याने निश्चित केले पाहिजेत.

जालन्याचा काळा पाषाण

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर आहे. नदीकाठचा गाळ वगळता जिल्ह्याची सारी भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग याच खडकाने व्यापला आहे.

हा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठावरील भेगांतून बाहेर पडला. पूर्वी या उद्रेकांचा काळ बराच प्रदीर्घ मानला जात असे. २०१९ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि बर्कले येथील संशोधकगटांनी दोन भिन्न किरणोत्सारी कालमापन-पद्धतींनी सह्याद्रीतील थरांची वये काढून ती एकाच वेळी प्रसिद्ध केली. एका गटाने युरेनियम-शिसे, तर दुसऱ्याने आरगॉन पद्धती वापरली. उद्रेकांचा वेग केव्हा वाढला याविषयी दोहोंत मतभेद असले, तरी लाव्ह्याचा फार मोठा भाग सुमारे दहा लक्ष वर्षांच्या, भूविज्ञानाच्या दृष्टीने अत्यल्प अशा अवधीत बाहेर आला, याविषयी एकमत आहे.

वैद्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, हा लाव्हा एकसंध नसून थरावर थर असा आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागात मात्र थिजताना अडकलेल्या वायूंमुळे असंख्य पोकळ्या राहिल्या आहेत. विहिरी खोदणारे कारागीर त्यास मांजऱ्या खडक म्हणतात. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा गेरूसारखा पट्टा आढळतो. मांजऱ्यातील पोकळ्यांत कॅल्साइट, गारगोटी आणि झिओलाइट नावाची खनिजे कालांतराने भरली गेली. या झिओलाइटचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

अशा खडकात पाणी साठते ते केवळ भेगा, सांधे आणि कुजलेल्या मुरमाच्या थरात. भूजल-मूल्यमापनात काळ्या पाषाणाची उपयुक्त साठवणक्षमता साधारणपणे एक ते तीन टक्के धरली जाते. म्हणजे शंभर घनमीटर खडकातून जेमतेम एक ते तीन घनमीटर पाणी मिळते. पावसाचे मुरण्याचे प्रमाण कुजलेल्या बेसॉल्टसाठी सात टक्के आणि सच्छिद्र, सांधेयुक्त बेसॉल्टसाठी तेरा टक्के मानण्याची पद्धत आहे. जालना जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास धरला, तर वर्षाकाठी खडकाच्या पेढीत जमा होणारे पाणी सुमारे ५० ते ९० मिलिमीटर एवढेच ठरते. जमा इतकी मर्यादित आणि उपसा मात्र अनिर्बंध, ही आजची स्थिती आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बागा वाचविण्यासाठी खोल, आणखी खोल अशा बोअर घेतल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या चाळीस तालुक्यांत जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा या पाच तालुक्यांचा समावेश होता. प्रत्येक दुष्काळ आपल्या पिण्याच्या आणि औषधाच्या पाण्याला काही फूट खाली ढकलतो आणि पाणी जसे खाली जाते, तसे त्याचे गुणही पालटतात.

खोल पाण्याचे गुण का पालटतात?

पावसाचे पाणी मुळात जवळजवळ निःक्षार असते. भूमीत शिरताना ते मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड घेते व सौम्य आम्ल बनते. हे आम्लजल बेसॉल्टमधील खनिजे हळूहळू विरघळविते. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. पाणी ‘जड’ होते, डाळ शिजत नाही, चहावर तवंग येतो. उथळ विहिरीच्या पाण्याचा हा सर्वसाधारण स्वभाव आहे.

हेच पाणी खोल भेगांत दीर्घकाळ राहिले, तर दुसरी क्रिया घडते. झिओलाइट आणि चिकणमातीची खनिजे पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवतात व त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. पाणी हलके लागते, साबणाला फेस येतो आणि माणूस समजतो की पाणी सुधारले. प्रत्यक्षात ते अधिक क्षारधर्मी आणि सोडियमयुक्त झालेले असते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेपर्यंत ते फ्लोराइडला अविद्राव्य रूपात बांधून ठेवू शकते. कॅल्शियम उणावले आणि क्षारता वाढली की खडकातील फ्लोराइड पाण्यात उतरण्यास मोकळीक मिळते. म्हणून हलके लागणारे खोल पाणी निर्दोष असेलच, असे मानता येत नाही. फ्लोराइडला रंग नाही, गंध नाही, अल्प प्रमाणात चवही नाही. सुश्रुताचार्यांच्या परिभाषेत बोलायचे, तर हा स्पर्श-रूप-रस-गंधाचा दोष नसून परिणामावरून कळणारा दोष आहे.

महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही भाग फ्लोराइडसाठी ज्ञात आहेत. तेथील भूरचना काही अंशी निराळी आहे. जालन्याचे सर्व पाणी तसे आहे, असा या लेखाचा दावा मुळीच नाही. काळ्या पाषाणात शंभर फुटांवरील दोन बोअर भिन्न भेगांतून पाणी घेत असल्याने त्यांचे गुण भिन्न असू शकतात, हेच येथे ध्यानात घ्यावयाचे आहे. शेजाऱ्याच्या बोअरचा अहवाल आपल्या बोअरला लागू पडत नाही.

पाण्याचे वय

पाण्याला वय असते आणि ते मोजता येते, ही भूजलविज्ञानातील मोठी उपलब्धी आहे. त्यासाठी ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार वापरतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे. १९५० व १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे पावसातील ट्रिटियम पुष्कळ वाढले होते. त्यामुळे ज्या पाण्यात ट्रिटियम आढळते, ते निदान अंशतः तरी त्यानंतर मुरलेले आहे, असे म्हणता येते. अधिक जुन्या पाण्यासाठी ५,७३० वर्षे अर्धायुष्य असलेला कार्बन-१४ उपयोगी पडतो.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार भूपृष्ठाखालील पहिल्या दोन किलोमीटरमधील भूजलापैकी सहा टक्क्यांहूनही कमी पाणी गेल्या पन्नास वर्षांत मुरलेले आहे. उरलेले त्याहून जुने. म्हणजे आपण जे वेगाने उपसतो, त्याची भरपाई आपल्या हयातीत होण्याची शाश्वती नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने जगातील हजारो विहिरींचे नमुने तपासले. ज्या विहिरींतून बारा हजार वर्षांहून जुने पाणी येत होते, त्यांपैकी सुमारे निम्म्या विहिरींत ट्रिटियमही आढळले. याचा अर्थ असा, की खोल व प्राचीन पाण्यातही आजचे पाणी, आणि त्यासोबत आजचे प्रदूषण, मिसळत आहे.

आपल्याकडे हे मिश्रण कसे होते, हे बोअर पाहिल्यास सहज कळते. बोअरचा वरचा काही फुटांचाच भाग पाइपने बंद केलेला असतो. त्याखाली तीन-चार वेगवेगळ्या थरांचे पाणी एकाच छिद्रात उतरते. वरच्या मुरमातील दूषित पाणी थेट खालच्या भेगेत जाते. पाइपभोवतीची फट सिमेंटने बुजविली नसेल, तर गोठ्याचे आणि शोषखड्ड्याचे पाणीही त्याच वाटेने जाते. म्हणून केवळ खोली हे शुद्धतेचे प्रमाणपत्र ठरत नाही.

उथळ विहीर निर्दोष आहे काय?

यावर काही वैद्य म्हणतील, की बोअरपेक्षा आपली जुनी विहीरच बरी. काही बाबतींत ते खरेही आहे. परंतु उथळ पाण्याचा आजचा प्रमुख दोष नायट्रेट हा आहे. युरियासारखी नत्रयुक्त खते, उकिरडे, जनावरांचे मूत्र आणि अस्तर नसलेले शौचखड्डे यांतून ते मुरते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल-गुणवत्ता अहवालानुसार देशातील तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेहून अधिक होते. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते आणि अधिक बाधित जिल्ह्यांत आपल्या सीमेला लागून असलेले बुलढाणा आणि बीड यांचाही उल्लेख आहे. सीमेपलीकडचा खडक, पीक आणि खत आपल्यासारखेच आहे, हे वेगळे सांगावयास नको.

तान्ह्या बालकांत अधिक नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते व त्वचा निळसर पडते. वरचे दूध किंवा बालघुटी अशा पाण्यात कालविली जात असेल, तर ती बाब वैद्याने विचारलीच पाहिजे.

क्वाथपात्रातील गणित

आता मुख्य मुद्दा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. परंतु फ्लोराइड, नायट्रेट, सोडियम, क्लोराइड ही द्रव्ये उकळल्याने जात नाहीत. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. क्षार मागे राहतात आणि उरलेल्या पाण्यात अधिक दाट होतात.

शार्ङ्गधराचार्यांच्या विधीनुसार एक भाग द्रव्यास सोळा भाग जल घालून अष्टमांश शेष ठेवावयाचा असतो. म्हणजे अविद्राव्य होऊन तळाशी बसणारे क्षार सोडले, तर पाण्यातील विद्राव्य द्रव्ये आठपट दाट होतात. रुग्णास ४० मिलिलिटर क्वाथ दिवसातून दोन वेळा दिला, तर ८० मिलिलिटर क्वाथासाठी सुमारे ६४० मिलिलिटर मूळ पाणी आटविलेले असते. ते पाणी दोन मिलिग्रॅम प्रतिलिटर फ्लोराइडचे असेल, तर रुग्णाच्या पोटात क्वाथावाटे जास्तीत जास्त १.२८ मिलिग्रॅम फ्लोराइड जाईल. तोच रुग्ण त्याच बोअरचे दोन लिटर पाणी पीत असेल, तर त्यातून जाणाऱ्या चार मिलिग्रॅममध्ये ही जवळजवळ एक-तृतीयांश भर आहे. चार दिवसांच्या ज्वरात याने काही बिघडणार नाही. परंतु सहा-सहा महिने क्वाथ घेणारा संधिवाताचा, वृक्कविकाराचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा.

घनवटीच्या बाबतीत ही भर अधिक ठळक होते. समजा, एक किलो गुळवेलीस १६ लिटर पाणी वापरले आणि त्या पाण्यातील एकूण विद्राव्य घटक १,५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहेत. मानकांनुसार दुसरा स्रोत नसल्यास असे पाणी पिण्यासाठी चालवून घेतले जाते. या १६ लिटरमध्ये २४ ग्रॅम क्षार आहेत. त्यातील निम्मे पात्राला चिकटले असे धरले, तरी १२ ग्रॅम घनात उरतात. घन १५० ग्रॅम मिळाला, तर त्यातील आठ टक्के भाग गुळवेलीचा नसून आपल्या बोअरचा आहे! एकूण राख-मूल्य मर्यादेबाहेर गेल्याने घनाचा नमुना नापास होतो, तेव्हा आपण कच्च्या मालाच्या व्यापाऱ्यास दोष देतो. पुष्कळदा दोषी पाणी असण्याचा संभव असतो.

क्षारांचा परिणाम निष्कर्षणावरही होतो. बायकार्बोनेटयुक्त पाणी उकळताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी अधिक क्षारधर्मी बनते. अशा पाण्यात हरीतकी, अर्जुन, बाभूळ यांसारख्या कषायरसप्रधान द्रव्यांतील टॅनिन लवकर पालटतात. पाण्यात लोह असेल, तर त्रिफळ्याचा क्वाथ काळा पडतो. आसवारिष्टांत संधानाच्या आरंभीची आम्लता बदलते. एकाच पाठाचा, एकाच निर्मात्याचा क्वाथ उन्हाळ्यात निराळा आणि हिवाळ्यात निराळा का उतरतो, याचे एक कारण येथे सापडू शकते.

सर्व कल्प मात्र सारखेच बाधित होत नाहीत. फांट व हिम यांत पाणी आटत नाही. स्नेहपाकात घातलेले चौपट पाणी पूर्णतः आटते, परंतु क्षार तेलात वा तुपात विरघळत नसल्याने ते बहुतांशी कल्कासोबत राहून गाळताना वेगळे होतात. म्हणून चांगले पाणी मोजकेच उपलब्ध असेल, तर ते प्रथम क्वाथ, घन आणि आसवारिष्टांसाठी राखावे.

रुग्णपरीक्षणातील एक प्रश्न

देशपरीक्षण हा आपल्या निदानपद्धतीचा अविभाज्य भाग आहे. तरीही चाळिशीतला शेतकरी कंबर, मान आणि गुडघे धरल्याची तक्रार घेऊन येतो, तेव्हा आपण संधिगत वात अथवा आमवात या दिशेने विचार करतो आणि पाण्याचा प्रश्न राहून जातो. पाठीचा कणा ताठर होत असेल, वाकून जमिनीला हात लावणे किंवा मान वळविणे कठीण झाले असेल, त्याच घरातील मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे अथवा तपकिरी पट्टे असतील आणि घरातील सर्व जण वर्षानुवर्षे एकाच बोअरचे पाणी पीत असतील, तर फ्लोरोसिसची शंका घ्यावी आणि पाणी तपासण्यास सांगावे. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय. निदान बोअरमध्ये असेल आणि आपण त्याच बोअरच्या पाण्यात महारास्नादी क्वाथ करून देत असू, तर उपशयाची अपेक्षा कशी धरावी?

‘पाणी उकळून प्या’ हा आपला नेहमीचा उपदेश आहे. जंतुदोषासाठी तो योग्यच आहे. मात्र नायट्रेट वा फ्लोराइड अधिक असलेल्या पाण्यास तो लागू पडत नाही, हे रुग्णास सांगण्याची जबाबदारी आपली आहे. निर्मळीचे बी, अर्थात कतक, गढूळपणा निवळविते व सुश्रुताचार्यांनी ते त्याचसाठी सांगितले आहे. विरघळलेले क्षार काढणे हा त्याचा अधिकार नव्हे.

व्यवहार्य उपाय

१. वर्षातून दोनदा, वैशाख-ज्येष्ठात आणि पावसाळा संपल्यावर कार्तिकात, आपल्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय पाणी-तपासणी प्रयोगशाळेची सोय असते. अहवालात निदान पुढील बाबी असाव्यात : पीएच (६.५ ते ८.५), एकूण विद्राव्य घटक (५०० पर्यंत स्वीकारार्ह, पर्याय नसल्यास २,००० पर्यंत), एकूण काठिण्य (२०० व ६००), फ्लोराइड (१.० व १.५) आणि नायट्रेट (४५, यात सवलत नाही). कंसातील आकडे भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीतील असून पीएच वगळता सर्व मिलिग्रॅम प्रतिलिटर या मानात आहेत. यासोबत सोडियम, लोह आणि जंतुपरीक्षणही करून घ्यावे. औषधनिर्मितीच्या शेड्यूल ‘टी’ मध्ये शुद्ध व पेय जलाचा आग्रह आहेच. परंतु पेय जलाची मर्यादा पिण्यासाठी आहे, आठपट आटविण्यासाठी नव्हे, हे स्मरणात ठेवावे.

२. यंत्र घेण्यापूर्वी दोष ओळखावा. काठिण्य घालविणारे सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देते. पात्राचा थर थांबतो, परंतु फ्लोराइड व नायट्रेट तसेच राहतात आणि रक्तदाबाच्या रुग्णास सोडियम वाढते. आरओ यंत्र बहुतेक क्षार काढते, पण आत गेलेल्या पाण्याचा मोठा भाग दाट क्षारजल म्हणून बाहेर टाकते. हे क्षारजल पुन्हा बोअरजवळ मुरविणे म्हणजे उद्याचे पाणी आजच बिघडविणे होय. ते फरशी धुण्यासाठी अथवा शौचालयासाठी वापरावे.

३. आंतरिक्ष जलाचा पुनर्विचार करावा. शास्त्राने श्रेष्ठ मानलेले हे पाणी आपल्या छपरावर फुकट पडते. १०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ७०,००० लिटर पाणी. पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ५६,००० लिटर हाती येते. लहान रसशाळेच्या क्वाथासाठी वर्षभर पुरेल असा हा साठा आहे. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, टाकी झाकलेली व अंधारी असावी, गाळणी दरवर्षी बदलावी. औद्योगिक वसाहतीलगत, जेथे छपरावर भट्ट्यांची धूळ बसते, तेथे शिसे व कॅडमियम यांची तपासणी केल्याशिवाय हे पाणी औषधास घेऊ नये.

४. बोअरचे तोंड उंच चौथऱ्यावर असावे, पाइपभोवतीची फट सिमेंटने बंद करावी आणि शोषखड्डा व उकिरडा दूर न्यावा. बंद पडलेली बोअर उघडी ठेवू नये.

५. प्रत्येक निर्मितीच्या नोंदवहीत द्रव्याच्या नोंदीसोबत पाण्याचा स्रोत, तपासणीचा दिनांक आणि विद्राव्य घटकांचा आकडा लिहावा. विद्राव्य घटक मोजणारे लहान हातयंत्र बाजारात सहज मिळते. ते फ्लोराइड किंवा नायट्रेट ओळखत नाही, परंतु पाणी बदलले आहे, एवढे निश्चित सांगते.

गावाचे पाणी, गावाची बुद्धी

वैयक्तिक उपायांना मर्यादा आहेत, कारण जलधर खडक आपल्या कुंपणाशी थांबत नाही. जालना तालुक्यातील कडवंची गावाचे उदाहरण सुपरिचित आहे. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाच्या साह्याने आणि खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने तेथे माथा ते पायथा मृद्-जलसंधारण झाले. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि २०१२ च्या दुष्काळातही गाव तगून राहिले. पाणी मुरले, की उथळ विहिरी जिवंत राहतात आणि खोल भेगांकडे जाण्याची वेळ लांबते. मात्र शेततळ्याचाही विपर्यास होऊ शकतो. प्लास्टिकचे अस्तर घातलेले तळे पावसाच्या वाहत्या पाण्याऐवजी बोअर उपसून भरले, तर जमिनीखालचे सुरक्षित पाणी उन्हात उघडे पडते व बाष्प होऊन जाते. एकच साधन वापरणाऱ्याच्या विवेकानुसार औषध किंवा विष ठरते, हे वैद्यांस नव्याने सांगावयास नको.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा नोंदविते. परंतु काळ्या पाषाणात दर शे-दोनशे फुटांवर परिस्थिती पालटत असताना कोणतीही यंत्रणा प्रत्येक बोअरपर्यंत पोहोचू शकत नाही. येथे आपल्या संघटनेस करण्याजोगे काम आहे. जिल्ह्यातील आठ तालुक्यांतून प्रत्येकी पाच सभासदांनी आपापल्या चिकित्सालयाच्या अथवा रसशाळेच्या पाण्याची वर्षातून दोनदा तपासणी केली, तर चाळीस ठिकाणांचे ऐंशी अहवाल दरवर्षी हाती येतील. त्यात बोअरची खोली, आजूबाजूचे पीक आणि त्या परिसरात वारंवार आढळणाऱ्या तक्रारी यांची नोंद जोडली, तर चार-पाच वर्षांत जालना जिल्ह्याच्या आठव्या प्रकारच्या पाण्याचे गुणदोष आपणांस अधिकाराने सांगता येतील. असे काम वैद्यांनी करण्यात अप्रस्तुत काही नाही. आचार्यांनी सात जलांचे गुण निश्चित केले, ते अशाच निरीक्षणांतून केले असणार.

येत्या वैशाखात क्वाथपात्राचा थर खरवडताना तो टाकून देण्यापूर्वी क्षणभर हातात घेऊन पाहावा, आणि त्याच दिवशी बोअरच्या पाण्याची एक बाटली भरून प्रयोगशाळेकडे पाठवावी. द्रव्यपरीक्षेइतकीच जलपरीक्षा ज्या रसशाळेत नियमाने होते, त्या रसशाळेचे औषध रुग्णाने निःशंक मनाने घ्यावे.